हाऊसफुल्लच्या दिवशी परत गेलेले एकोणीस जण

सोमवार, दुपार

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगं टेकली आहेत असं समजावं. तीन आठवडे वाकून पोस्टरं चिकटवल्यामुळे कंबरेनं उरलेल्या दोन अंगांना परवानगी दिलेली नाही.) पत्रात मोठ्या माणसांना ‘तुम्ही’ म्हणावं असं आईनं बजावलं आहे, म्हणून हा पहिला परिच्छेद ‘तुम्ही’चा. तुमचा गुडघा कसा आहे? डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि आता सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो, असं ताईकडून कळलं. (जात नाही तेव्हा तुम्ही सुया बनवणाऱ्या कंपनीचा उद्धार करता, हेही कळलं.) मामीची साखर, ताईची नोकरी, जावईबापूंची सायकल चालवण्याची नवी हौस, सगळं ठीक असेलच. इकडे आम्हीही ठीक आहोत. आई बरी आहे, मी बरी आहे, चित्रपटाची तब्येत तेवढी नरमगरम असते. त्याचीच हकीकत कळवायला बसले आहे.

तर मामा, आता नेहमीसारखं. तू चित्रपट बघायला यावंस म्हणून हे पत्र नाही, हे आधीच सांगून टाकते. चार तासांचा बसचा प्रवास, तुझा गुडघा आणि आडवेळेचा शो, हे सगळं एका माणसानं सोसावं असं त्या चित्रपटात काही नाही. शिवाय तुझ्या मते त्यात चुका असणार, आणि त्या आहेतच. मी फक्त काय काय झालं ते लिहिते आहे. इतकी वर्षं जे जे झालं ते मी दुकानात येऊन, अस्तराच्या गठ्ठ्यावर बसून तुलाच सांगत आले, आणि गेले सात महिने सांगायला कुणी नसल्यामुळे बरंच साठलं आहे.

सात महिने म्हणजे ट्रेलर पाठवल्यापासून. दोन मिनिटं अकरा सेकंदांचा ट्रेलर. तू तो पाहिलास (फोनवर निळ्या खुणा उमटल्या) आणि चार तासांनी तुझं उत्तर आलं. त्यात एकच शब्द होता: ‘अंगुस्तान?’ त्यानंतर ना फोन, ना निरोप. आमच्या संकलक बाईंना, म्हणजे चित्रपट कापून जोडणाऱ्या मैत्रिणीला, मी अंगुस्तान म्हणजे काय ते समजावून सांगितलं, की सुई ढकलताना टेलर बोटात घालतात ती धातूची टोपी. ती म्हणाली, “एवढ्याशा टोपीवरून सात महिने?” मी म्हटलं, तुला आमचा मामा माहीत नाही.

अंगुस्तान होतं, मामा. शपथेवर सांगते. आमचे नट बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत (मानधन न विचारता हो म्हणाले, म्हणून त्यांची निवड एकमतानं झाली). पहिल्या दिवशी मी स्वतः त्यांच्या बोटात ते घातलं. पण दिव्याखाली ते लखलखायला लागलं. कॅमेरामननं त्याला पावडर लावली, मग काजळ फासलं, मग म्हणाला, “ही टोपी नटापेक्षा जास्त अभिनय करतेय, काढा.” ऊन उतरत होतं, भाड्याचे दिवे परत करायचे होते, आणि मी काढू दिलं. तिसऱ्या दिवशी नटाचं बोट सुजून भोपळ्याएवढं झालं. तू बरोबर होतास, ही बातमी त्या बोटानं मला तुझ्या कितीतरी आधी दिली होती.

पण तुझा राग टोपीचा नाही, एवढं मलाही कळतं. ज्या दिवशी तू दुकान रिकामं केलंस त्या दिवशी मी यायला हवं होतं. आई आली, ताई आली, समोरचा चष्मेवाला टेम्पोत मशीन चढवायला आला. मी आले नाही. फोनवर ‘शूटिंग आहे’ म्हणाले आणि तू ‘बरं’ म्हणालास. कसलं शूटिंग ते सांगायचं धाडस झालं नाही, ते आज सांगते. त्या दिवशी मी एका भाड्याच्या गोदामात तुझंच दुकान उभं करत होते. कुठल्या भिंतीवर किती खिळे होते ते आठवून आठवून ठोकत होते. खरं दुकान मोकळं होत असताना मी खोट्या दुकानात, मोठी कात्री कुठल्या हाताला टांगायची यावर तासभर भांडत होते. (डाव्या. मी जिंकले.) संध्याकाळी दुकान इतकं हुबेहूब झालं की मी सवयीनं विचारलं, “मामा, चहा सांगू?” सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आता पैसे कसे उभे राहिले ते ऐक. प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगायचे. एक टेलर आहे. एका गिऱ्हाईकानं त्याच्याकडे कोट शिवायला टाकला, ट्रायलला येऊन गेला आणि न्यायला आलाच नाही. टेलर अकरा वर्षं दर आठवड्याला तो कोट झटकतो आणि परत खिळ्याला टांगतो. गोष्ट संपली. पहिले गाठले ते फरशांचे मोठे व्यापारी. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं (मला वाटलं भारावले, झोपले होते) आणि जागे झाल्यावर म्हणाले, गिऱ्हाईकाचा खून झालाय असं करा, आणि टेलरला टाक्यांवरून खुनी ओळखता येतो असं दाखवा. मामा, तुझ्यापासून काय लपवू, दोन दिवस मी त्यावर गंभीरपणे विचार केला. पहिलं पानही लिहिलं. त्यात तुझ्या हातात भिंग होतं. मग मला हसू आलं आणि फाडून टाकलं.

त्यानंतर एका अनुदान समितीपुढे उभी राहिले. पाच माणसं, पाच पाण्याच्या बाटल्या. त्यांनी विचारलं, “तुमचा प्रेक्षक नेमका कोण?” मी म्हटलं, कपडे घालणारी माणसं. पाचही जणांना हे उत्तर भलतंच आवडलं, दोघांनी वहीत उतरवून घेतलं आणि महिन्याभरानं नकाराचं पत्र पाठवलं. शेवटी आम्ही लोकांकडेच हात पसरला. ज्याला जमेल त्यानं जमेल तेवढं द्यावं, त्या बदल्यात चित्रपटाच्या शेवटी त्याचं नाव येईल. इथपर्यंत सगळेच करतात. मी शहाणी उत्साहाच्या भरात पुढचं लिहून बसले, की नाव छापील नसेल, कापडावर हातानं शिवलेलं असेल. दोनशे बारा लोकांनी पैसे दिले. दोनशे बारा नावं, मामा, आणि शिवणार कोण, तर टेलरची ती भाची, जिनं आयुष्यात काज कधी सरळ केलं नाही. पाच महिने लागले. शेवटी पडद्यावर ते लांबलचक कापड हळूहळू सरकत जातं आणि त्यावरची अक्षरं ‘ग’पासून पुढे दारू प्यायल्यासारखी चालतात. एका दंतवैद्याच्या नावातला उकार सुटला, तर त्यांनी पैसे परत मागितले नाहीत, पण मी दात दाखवायला गेले तेव्हा भूल जरा कमी दिली असं मला वाटलं.

चित्रपट काढणं सोपं असतं, तो दाखवणं अवघड, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, हे तू आत्ता मनात म्हणालास.) वितरक नावाचा जो मनुष्य असतो, चित्रपट थिएटरपर्यंत पोचवणारा, तो आमचा पंचवीस मिनिटं पाहून म्हणाला, “छान आहे. कुणाला दाखवणार?” शेवटी आम्हीच दारोदार हिंडलो आणि एका थिएटरवाल्यानं चौथ्या मजल्यावरचा त्याचा सगळ्यात छोटा पडदा दिला. अठ्ठेचाळीस खुर्च्या, सकाळी दहा वीस. अटी दोन. पाचपेक्षा कमी तिकिटं गेली तर त्या दिवशी मशीन सुरू होणार नाही, आणि पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या नाहीत तर चौथ्या दिवशी आमच्या जागी मुलांचा उडत्या हत्तीचा चित्रपट लागणार.

मग मला एक नामी युक्ती सुचली. आपला खरा प्रेक्षक म्हणजे टेलर. गावातल्या एकतीस टेलरांच्या दुकानांत मी स्वतः जाऊन पोस्टर लावलं. एकतिसांतल्या अठ्ठावीस जणांनी पोस्टरवरचा हात पाहून पहिला प्रश्न तोच विचारला, जो तू विचारला होतास. उरलेल्या तिघांतल्या एकाचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. पण सगळे येतो म्हणाले, अगदी आनंदानं म्हणाले. कधी लागतोय? शुक्रवार, शनिवार, रविवार सकाळी. एकदम चेहरे पडले. तुला कारण सांगायला नको. शनिवार-रविवारी गिऱ्हाइकं कपडे न्यायला येतात, आणि शुक्रवारी टेलर ते शिवत असतो. मी तुझ्या दुकानात वाढले, शुक्रवारी तुझ्याशी बोललं तर टेप फेकून मारायचास, आणि हे माझ्या लक्षात येऊ नये!

शुक्रवारी सात तिकिटं गेली. फोनवर तिकिटं काढायच्या नकाशात प्रत्येक खुर्चीचा एक चौकोन असतो, रिकामी हिरवी, भरलेली राखाडी. मी दिवसभर त्या हिरवळीकडे पाहत बसले. आणि शनिवारी सकाळी उठून पाहते तर काय, अख्खा नकाशा राखाडी! वर लाल अक्षरात ‘हाऊसफुल्ल’. आईला हाक मारली, आईनं चष्मा लावून एक एक चौकोन मोजला. मी जी पळत सुटले ती थिएटरपर्यंत. मॅनेजर दारातच उभा. भला माणूस आहे, नेहमी ओठात लवंग धरून बोलतो. त्यानं ‘हाऊसफुल्ल’ची जुनी पाटी अर्धा तास शोधून, पुसून, बाहेर लावली होती. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं (धुळीचं असेल).

आत अंधार होता. मी दिग्दर्शक म्हणून फुकट आत गेले आणि जिन्याच्या पायरीवर बसले, जागा नसणार म्हणून. मध्यंतरात दिवे लागले. अठ्ठेचाळीस खुर्च्यांत पाच माणसं, एकमेकांपासून शक्य तितकी लांब बसलेली. संकलक बाई, कॅमेरामन, आवाज टिपणारा आमचा आवाजवाला, नट आणि नटाची बायको.

“तू किती घेतलीस?” संकलक बाईंनी आवाजवाल्याला विचारलं.

“नऊ. तू?”

“सहा.”

“सात,” कॅमेरामन म्हणाला. “पण मी विखरून घेतली. संशय नको.”

नट उभे राहिले. “मी बारा. आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींसाठी. सगळे येतो म्हणाले होते.” मग मागे वळून रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत म्हणाले, “इतकं शांत हाऊसफुल्ल मी पहिल्यांदाच पाहतोय.”

कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. चित्रपट उतरू नये म्हणून प्रत्येकानं गुपचूप खुर्च्या घेतल्या होत्या. चौतीस आमच्याच झाल्या. उरलेल्या चौदा जनतेनं घेतल्या असणार आणि जनतेची बस चुकली असणार, असं आम्ही ठरवलं. सगळे हसत होतो. हसत हसतच मी बाहेर आले तर खिडकीवरच्या बाई, तिकिटं देतात त्या, मोठ्या अभिमानानं म्हणाल्या, “काय गर्दी होती मॅडम! एकोणीस माणसं परत पाठवली मी.”

एकोणीस, मामा. आमच्यातल्या कुणाच्या ओळखीची नसलेली, कुणी गळ न घातलेली, सकाळी आंघोळ करून आपणहून आलेली एकोणीस माणसं. या चित्रपटाला आजवर मिळालेला सगळ्यात मोठा प्रेक्षक, आणि तो आम्ही जिन्यावरून परत पाठवला. मी खाली रस्त्यावर धावले. तेव्हा त्यांना जाऊन तास उलटला होता, तरी धावले. सिग्नलला उभी असलेली एक बाई, औषधाच्या दुकानातले दोघं, बसची वाट बघणाऱ्या चार कॉलेजच्या मुली, ज्याच्याकडे पाहावं त्याच्याबद्दल वाटायचं, हा त्यातला असेल. एका गृहस्थांना तर मी थांबवून विचारलं, तुम्ही आत्ता चित्रपटाला आला होता का? ते म्हणाले, नाही, मी इथंच राहतो. अजूनही तसंच होतं आहे. काल भाजी घेताना शेजारच्या बाईकडे इतकं निरखून पाहिलं की त्यांनी पर्स या हातातून त्या हातात घेतली.

त्या पाटीच्या जोरावर मॅनेजरनं चित्रपट येत्या शुक्रवारपासून आणखी एक आठवडा वाढवला, वेळही बरी दिली, दुपारी बारा दहा. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला की बारा वर्षांत ही पाटी त्यानं दुसऱ्यांदाच लावली, आणि मी तोंड मिटलं. आम्ही सहाही जणांनी मात्र शपथ घेतली, इथून पुढे एकही तिकीट विकत घ्यायचं नाही. काल, रविवारी, सहा माणसं आली. सहाही खरी. मी बाहेर पडायच्या दाराशी उभी राहिले, आणि ती बाहेर आली तेव्हा त्यांना फक्त दार उघडून धरलं. त्यातल्या एक बाई थांबल्या. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्याकडेही एक घड्याळ असंच राहून गेलं होतं, रोज किल्ली द्यायचे म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “ज्यांचं हे दुकान, त्यांनी पाहिला का चित्रपट?”

मी म्हटलं, त्यांना प्रवास झेपत नाही.

असो. खूप लिहिलं. गुडघ्याला तेल लावत जा, मामीशी सुयांवरून भांडू नकोस. आणि पुन्हा सांगते, इकडे यायची दगदग मुळीच करू नकोस, चित्रपट कुठे पळून जात नाही. (जातो. येत्या शुक्रवारी सुरू होऊन पुढच्या गुरुवारी जातो.) मामीला नमस्कार, ताईला आठवण.

तुझी,
बॉबिन

ता. क. वर चौदा तिकिटं जनतेनं घेतली असं लिहिलं आहे. ती मी घेतली होती. बाकीच्यांना अजून सांगितलेलं नाही. जनतेची बस चुकली असणार, ही कल्पनाही माझीच.

ता. क. २. खिडकीवरच्या बाईंनी काल एक गोष्ट सांगितली. ती मी वर लिहिली नाही, कारण ती लिहिली असती तर बाकीचं पत्र पुरं झालं नसतं. एकोणिसांत एक वयस्कर गृहस्थ एकटेच आले होते. त्यांनी एकच तिकीट मागितलं. हाऊसफुल्ल म्हटल्यावर विचारलं, “खरंच सगळ्या भरल्यात?” बाई हो म्हणाल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी सगळ्या? मग एकदम खूश झाले, म्हणे. तिकीट न मिळाल्यावर इतका खूश झालेला माणूस बाईंनी पाहिला नव्हता. पोस्टरसमोर बराच वेळ उभे राहिले. जाता जाता बाईंना म्हणाले, तुमच्या उजव्या बाहीची शिवण आतून सुटत आलीय, आजच दोन टाके घाला. घरी जाऊन बाईंनी बाही उलटी करून पाहिली. सुटत आली होती.

ता. क. ३. ताईला मी विचारलेलं नाही, शनिवारी मामा घरी होता का म्हणून. विचारलं तर खरं काय ते कळेल. ते गृहस्थ तू असशील मामा, तर त्या चौदांतली एक खुर्ची तुझी होती, आणि त्या सकाळी तू ज्या गर्दीवर खूश झालास ती गर्दी म्हणजे मी होते. तेव्हा वर दोन ठिकाणी येऊ नकोस असं लिहिलं आहे, ते वाचू नकोस. ये. कुठल्याही दिवशी ये, मी रोज दारात आहे. बसमधून उतरलास की फोनसुद्धा करू नकोस, नाहीतर शपथ मोडून मी तुझं तिकीट काढून ठेवीन.

आणि ते तू नसशील, तर तसं मला कळवू नकोस. नुसता ये.